हातचा

मे महिन्याचा तिसरा आठवडा, पारा सेहेचाळीसवर.
सक्करदऱ्याच्या मनपा शाळेत आम्ही एकतीस जण
पोरांच्या बाकांवर बसलो, गुडघे पोटाशी घेऊन.
खिडकीतल्या कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
डोक्याला दुपट्टे, पर्समध्ये कांदा,
आणि आदेशात लिहिलेलं :
संगणकीय विचार, दिवस पाच, भत्ता नाही.

शिकवायला आली प्रचिती ढबाले. वय चोवीस.
"माह्या पोरीपेक्षा लहान हाय बाप्पा," ढोमणे सर कुजबुजले
आणि वहीत समास आखू लागले,
जसं काही श्रुतलेखनच होणार होतं.

साडेअकराला लाइट गेली.
अकरा संगणक एकदम काळे.
आम्हाला वाटलं, सुटलो.
तिनं पर्समधून खडू काढला.
"यंत्र बंद पडलं, तर तुमच्यातलं कुणीतरी यंत्र व्हा."

रिझवाना मॅडम झाल्या.
त्यांना दारापर्यंत न्यायचं, फरशी फरशी मोजून,
आणि आम्ही सांगू तेवढंच त्यांनी करायचं.
चार फरश्या पुढे. उजवीकडे वळा. भिंत येईपर्यंत चाला.
भिंतीच्या आधी कूलर आला.
मॅडम कूलरला टेकल्या तरी पाय उचलतच राहिल्या
जागच्या जागी, इमानदारीनं,
बुरख्याची कड पाण्यात भिजली तरी.
"थांबा कुठं म्हटलं तुम्ही?"
आम्ही इतके हसलो की शिपाई बघायला आला.

प्रचितीनं विचारलं नाही, कुणाचं चुकलं.
विचारलं, कितव्या ओळीत?

सत्तावीस वर्षं झाली मला शिकवून.
लाल पेनाच्या किती कांड्या संपल्या, हिशेब नाही.
हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

त्या रात्री गच्चीवर पाणी मारून गादी टाकली.
झोप येईना. खाली जाऊन
चौथी ब च्या वह्यांचा गठ्ठा सोडला,
रद्दीत द्यायचा राहिलेला.
सुबोध निमजे. वजाबाकी. दहापैकी शून्य.
बावन्न वजा सत्तावीस, पस्तीस.
त्रेसष्ट वजा अठ्ठेचाळीस, पंचवीस.
एक्याऐंशी वजा छत्तीस, पंचावन्न.
शेजारी माझ्या फुल्या, एकीसारखी दुसरी,
आणि खाली माझंच अक्षर : लक्ष कुठे असते?

बॅटरी धरून एकेक पाऊल चालले त्याच्यामागे.
सातातून दोन. आठातून तीन. सहातून एक.
वर असो की खाली, मोठ्यातून लहान.
दहाही वेळा तोच नियम, एकदाही चळला नाही.
लक्ष तर सगळं तिथंच होतं पोट्ट्याचं.

जूनअखेर शाळा उघडली.
तो आता पाचवीत, माझ्या वर्गाबाहेरचा.
तरी मधल्या सुट्टीत बोलावलं,
खिचडीचं ताट हातात घेऊनच आला.
"असं काहून करतोस रे?"
तो म्हणाला, "लहान्यातून मोठा जात नाही, मॅडम.
तुम्हीच तं सांगतलं."

सांगितलं होतं.
त्यापुढची ओळ सांगितली त्या दिवशी
तो आला नव्हता, की माझीच घंटा झाली होती,
आता कुणाला आठवतं.

मग व्हरांड्यात बसून दोघांनी खडूनं घरं काढली.
एककाच्या घरी कमी पडलं
तर दशकाच्या घरी जायचं, एक मागून आणायचा,
त्याच्या घरचा एक कमी करायला विसरायचं नाही.
बावन्न वजा सत्तावीस. पंचवीस.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसं मी हे
वर्षभर लपवूनच ठेवलं होतं.

बोटं चाटत थोडा वेळ गप्प राहिला. मग :
"अन् शेजाऱ्याच्या घरी शून्य असलं तं?"

घंटा झाली.
मी फरशीवर पाचशे दोन लिहिलं,
पदर खोचला, आणि उभी राहिले
दोनाच्या घरात.
"तू सांग," म्हटलं, "मी चालते."